पहिलं बाळंतपण: कुठलं दुखणं सोसायचं, कुठलं सांगायचं, आणि बर्थ प्लॅन लिहावा का?

पहिलटकरीण

नमस्कार मंडळी. पहिलीच वेळ आहे, 31वा आठवडा चालू आहे. रिपोर्ट सगळे नॉर्मल, बाळाची वाढ छान, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही असं वाटतं, पण खरं सांगू का, वैताग आलाय. रात्री आडवं झालं की छातीत जळजळ आणि घशाशी आंबट, मग उशा लावून अर्धवट बसून झोपायचं तर कंबर धरते. कूस बदलताना जांघेत आणि पुढच्या हाडात अशी चमक निघते की ओरडायलाच होतं. पहाटे पोटरीत गोळा येतो. आणि आता नवीन म्हणजे सकाळी उठल्यावर उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या, कप धरता येत नाही धड. ज्याला सांगावं तो म्हणतो "होतंच असतं गं". होत असेल, पण मग त्यावर काही करायचंच नाही का? आणि कुठलं होतंच असतं आणि कुठलं नाही हे मला कसं कळणार? डॉक्टर चांगल्या आहेत पण केबिनमध्ये गेलं की मी निम्मं विसरते.

दुसरं म्हणजे बर्थ प्लॅन, म्हणजे बाळंतपणात आपल्याला काय हवं-नको ते लिहिलेला कागद. नेटवरून एक नमुना उतरवून घेतला तर चार पानी निघाला, त्यात दिवे मंद हवेत का, गाणी कुठली, असलंही विचारलंय. नवरा म्हणतो असा कागद घेऊन गेलीस तर लेबर रूममध्ये हसतील. तुमच्यापैकी कुणी लिहिला होता का? उपयोग झाला का? एपिड्युरलबद्दलही (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ती भूल) ठरत नाहीये, एक मैत्रीण म्हणते घेच, दुसरी म्हणते जन्मभर पाठ दुखते.

उनाड_गौरी

अगं "होतंच असतं" या वाक्याचा मलाही भयंकर राग यायचा. होतं हे खरं, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टींना उतारा असतो आणि तो कुणी आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. मी दोन्ही वेळा हे सगळं भोगलंय म्हणून सविस्तर लिहिते.

ती जांघेतली चमक. ओटीपोटाच्या हाडांचे सांधे या दिवसांत सैल पडतात आणि वरून वजन, त्यामुळे एक पाय पुढे एक मागे, असं काहीही केलं की कळ येते. कूस बदलताना दोन्ही गुडघे एकत्र चिकटवून ठेव आणि मग अख्खी एकदम वळ, आधी खांदे मग पाय असं नाही. गुडघ्यांमध्ये उशी. सलवार, पॅंट जे काही असेल ते बसून घाल, एका पायावर उभं राहायचंच नाही. गाडीत बसताना आधी बूड टेकव, मग दोन्ही पाय एकदम आत घे. जिना एकेक पायरी. आणि फिजिओथेरपिस्टकडे जा, खरंच जा, मला बाळंतपण होईपर्यंत सोसायचं असंच वाटत होतं पण तिथे पोटाचा पट्टा कसा बांधायचा आणि थोडे व्यायाम शिकवले त्यानंतर निदान चालता यायला लागलं.

जळजळ: प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे अन्ननलिकेच्या खालची झडप सैलावते आणि गर्भपिशवी खालून ढकलत असते, म्हणजे तुझ्या खाण्यात काही चुकतंय असं नाही. थोडं थोडं खा, जेवल्यावर दोन-तीन तास आडवी होऊ नकोस, आणि उशांचा ढीग करण्यापेक्षा पलंगाची डोक्याकडची बाजूच उंच कर, त्याने कंबर मोडत नाही. तरी नाही थांबलं तर डॉक्टर औषध देतात, या दिवसांत चालणारी औषधं आहेत. फक्त अँटासिड आणि लोहाची गोळी एकावेळी घेऊ नकोस, मध्ये दोनेक तास जाऊ देत, नाहीतर लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमच्या गोळीचंही तेच. (लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ झालं तर तेही सांग, गोळी बदलून मिळते. आपल्यातल्या निम्म्या जणी लाजेने ती गोळी गुपचूप बंद करतात.)

हाताच्या मुंग्या म्हणजे मनगटात सूज येऊन नस दबते. रात्री मनगट सरळ राहील असा स्प्लिंट बांधून झोप, मेडिकलमध्ये मिळतो. बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप जातं. पोटरीत गोळा आला की पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढ, झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणून घे. मॅग्नेशियमच्या गोळ्या कुणीकुणी सुचवतील, त्यांचा फायदा होतोच असं काही ठाम नाही.

बर्थ प्लॅनचं इतरांनी सांगा, मी नव्हता लिहिला.

रातपाळी

मी लेबर रूममध्ये नर्स आहे. गौरीताईंनी लिहिलंय ते बरोबर. मी दुसरी बाजू लिहिते, म्हणजे ज्या गोष्टी "होतंच असतं" मध्ये बसत नाहीत त्या.

डोकं खूप दुखतंय आणि गोळीने थांबत नाही, डोळ्यांपुढे चमकतंय किंवा अंधुक दिसतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, चेहरा आणि हात एकदम सुजलेत: यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासून घ्या. संध्याकाळी पावलं सुजणं वेगळं, ते खूपजणींना होतं. बीपी 140/90 किंवा वर गेलं तर दवाखान्यात कळवायचंच. बीपीचं हे दुखणं 20 आठवड्यांनंतर कधीही होऊ शकतं आणि बाळंत झाल्यावरही काही आठवडे होऊ शकतं, हे शेवटचं लोकांना माहीतच नसतं.

तळहात-तळपायांना खाज, पुरळ काही नाही, रात्री जास्त: कातडी ताणली म्हणून असेल असं समजून तेल लावत बसू नका, यकृताची आणि बाइल अॅसिडची (पित्तातल्या आम्लांची) रक्ततपासणी लागते.

पोटरीचा गोळा थोड्या वेळात सुटतो. पण एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, लाल झालीय, दुखणं जातच नाही, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळायची नाही, लगेच दाखवायची.

रक्त जाणं, पाणी जाणं हे सांगायला नकोच. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी फोन करा, आणि हिरवट किंवा रक्ताळ असेल तर वाट न बघता निघाच. 37 आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने पोट कडक होऊन दुखायला लागलं तरी तसंच.

आणि हालचाल. शेवटी शेवटी बाळाला जागा नसते म्हणून हालचाल कमी होते असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. लाथांचा प्रकार बदलेल, पण हालणं कमी व्हायला नको. अमुक इतक्या लाथा म्हणजे ठीक असा आकडा सगळ्यांना लागू पडत नाही, आपल्या बाळाची रोजची रीत आपल्याला माहीत असते. ती बिघडली असं वाटलं तर फोन, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. आम्ही जागेच असतो. उगाच आलात म्हणून कुणी रागावलं तर रागावू देत.

झोपेबद्दल एक. 28 आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपायचं, डावी असो की उजवी. उताणं झोपलं की पिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. पण मध्येच जाग आली आणि उताण्या दिसलात तर घाबरू नका, वळा आणि परत झोपा.

तिरकी_रेघ

बर्थ प्लॅनबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मी मनापासून लिहिला होता, कळा सोसताना चालणार, टाके नकोत, सगळं. प्रत्यक्षात बाळाच्या हृदयाचे ठोके कमी व्हायला लागले आणि इमर्जन्सी सिझर झालं. तेव्हा त्या कागदातलं काय कामी आलं म्हणाल तर शेवटचा परिच्छेद, जो मी नुसता लिहायचा म्हणून लिहिला होता: सिझर झालं तर नवऱ्याला आत घेता येईल का, बाळ लगेच माझ्या छातीवर देता येईल का, नाही जमलं तर त्याच्या छातीवर द्या. नवरा आत नाही आला पण बाळ मात्र लगेच त्याच्याकडे दिलं, आणि टाके घालून होईपर्यंत ते त्याच्या उघड्या छातीवर होतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, लिहायचाच तर तो परिच्छेद आधी लिहा, बाकीचं मग. गाणी बिणी सोडा.

रातपाळी

तिरकी_रेघ, पटलं. तरी मी म्हणेन लिहावा, फक्त एक पान. चार पानं रात्रपाळीला कुणी वाचत नाही, आणि हसत तर मुळीच नाही, वेळच नसतो. आणि तो ऐनवेळी हातात द्यायचा कागद नव्हेच, 34-36 आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टरांसमोर ठेवून एकेक ओळ विचारायची, "हे तुमच्याकडे होतं का?" निम्म्या ओळींना "आम्ही असंच करतो" असं उत्तर मिळतं, त्या खोडून टाकायच्या. उरलेल्यांवर बोलायचं. बर्थ प्लॅनचा खरा उपयोग हाच, महिनाभर आधी कळतं की तुमच्या दवाखान्यात काय होतं आणि काय होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये बाळंतपणाबद्दल शिफारशी काढल्यात त्यात बरंच सरळ लिहिलंय, त्याचा आधार घेऊन विचारता येतं. आपल्या पसंतीचं माणूस सोबत असावं. धोका नसेल तर कळांमध्ये खाणं-पिणं, चालणं-फिरणं चालतं. सरसकट एनिमा नको, केस काढणं नको, सरसकट काप (बाळ बाहेर यायला जागा व्हावी म्हणून योनीमार्गाशी देतात तो छेद) देणंही नको. पिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ कितीही लांबू शकतो, आणि दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशेब सगळ्यांना लावायचा नाही. पहिलटकरणीला 5 च्या पुढे पूर्ण उघडायला साधारण 12 तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे "अजून तीनच?" म्हणून रडू नका, मी खूपजणींना रडताना बघते. बाळ रडलं, श्वास व्यवस्थित असला तर नाळ निदान मिनिटभर थांबून कापायची, त्याने बाळाला लोहाचा साठा मिळतो. पहिला तास बाळ आईच्या अंगावर, तेव्हाच दूध.

काप टाळायचा असेल तर 35व्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा योनीमार्गाच्या खालच्या भागाचा मसाज करतात, पहिल्या खेपेला टाके लागण्याचं प्रमाण त्याने कमी होतं. कसा करायचा ते आधी विचारून घ्या. आणि बाळ बाहेर येताना गरम पाण्याची पट्टी ठेवाल का असं विचारा.

एक ओळ मात्र कृपा करून लिहू नका, "कुठलंही इंजेक्शन नको". बाळ झाल्यावर आईला ऑक्सिटोसिन देतात ते जास्त रक्त जाऊ नये म्हणून, आणि बाळाला व्हिटॅमिन के देतात तेही रक्तस्राव टाळायला. नेटवरच्या नमुन्यांत ही दोन्ही नको म्हणून टिक केलेली मी पाहिलीत.

एपिड्युरल: जन्मभर पाठ दुखते याला आधार नाही, पाठ बाळंतपणानंतर तशीही बऱ्याचजणींची दुखते. सिझरची शक्यताही त्याने वाढत नाही. हां, बीपी उतरू शकतं, जोर लावायचा टप्पा लांबू शकतो, ताप येऊ शकतो, आणि शंभरात एखादीला नंतर काही दिवस जोराची डोकेदुखी होते जी उठून बसलं की वाढते, त्यावर उपचार आहे.

दोन_लेकींचा_बाबा

पुरुषाच्या बाजूने एवढंच, प्लॅन नवऱ्याने पाठ करायचा असतो. तिला कळा येत असताना तिला कुणी काही विचारलं तर ती "काहीही करा" म्हणते. तेव्हा आठवण करून द्यायला कुणीतरी हवं. आणि कंबरेवर तळहाताने दाब द्यायची प्रॅक्टिस आधी करा, माझ्या बायकोला कशापेक्षाही त्याचा उपयोग झाला, माझा हात दोन दिवस दुखत होता ते सोडा.

पहिलटकरीण

बाप रे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. स्प्लिंट आणला, पहिल्याच रात्री फरक वाटला. गुडघे चिकटवून वळणं अजून जमत नाही, मध्येच विसरते. फिजिओची वेळ घेतलीय.

प्लॅन एका पानात आणलाय, बघा जरा: नवरा पूर्ण वेळ सोबत. कळांमध्ये चालता यावं, ठोक्यांचं मशीन सारखं लावून ठेवू नये. सहन होईनासं झालं तर एपिड्युरल. काप गरज असेल तरच आणि आधी सांगून. नाळ थांबून. बाळ लगेच छातीवर. सिझर झालं तर तिरकी_रेघ यांचा परिच्छेद जसाच्या तसा. काही राहिलं का?

रातपाळी

छान आहे. एक गुंता आहे तेवढा सोडवा. चालणं आणि मशीन नको हे एपिड्युरल घेईपर्यंतच. घेतल्यावर पाय जड होतात, बहुतेक ठिकाणी पलंगावरच राहावं लागतं आणि ठोके सतत बघावे लागतात. कळा वाढवायची ड्रिप लावली तरी सतत बघतात. त्याआधी सगळं ठीक असेल तर पहिल्या टप्प्यात दर 15-30 मिनिटांनी डॉपलरने (पोटावर धरायच्या छोट्या यंत्राने) ठोके ऐकले तरी पुरतं. तेव्हा "एपिड्युरल किंवा ड्रिप नसेल तोपर्यंत" एवढं त्या ओळीत घाला.

आणि पुढच्या वेळी विचारा की भूल देणारे डॉक्टर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तिथेच असतात की बोलवावे लागतात. बोलवावे लागत असतील तर यायला किती वेळ लागतो तेही विचारा, म्हणजे एपिड्युरल मागायचं कधी हे ठरवता येईल.