गिटारसाठी स्वतंत्र टोन कंट्रोल बनवला, आवाज पडतोय आणि बोदा येतोय – मदत हवी आहे

धागाकर्ता

गिटार आणि अँपच्या मध्ये लावायला ट्रेबल, मिडल, बास असे तीन पॉट (फिरवायचे रेझिस्टर) असलेला डबा बनवला आहे. सर्किट फेंडर ट्विन रिव्हर्ब अँपच्या टोन स्टॅकचं, म्हणजे टोनच्या पॉट-कपॅसिटरच्या जोडणीचं: ट्रेबल २५० के (किलोओम), बास २५० के, मिडल १० के, आडवा रेझिस्टर १०० के. कपॅसिटर १०४ (१०० नॅनोफॅरड), ४७३ (४७ नॅनोफॅरड) आणि २५० पिकोफॅरड मिळाला नाही म्हणून २७१ (२७० पिकोफॅरड). आयसी नाही, बॅटरी नाही. गिटार स्ट्रॅट पद्धतीची, सिंगल कॉइल पिकअपची, आतले पॉट २५० के. केबल ५ मीटर.

अडचणी:
- आवाज फारच पडतो, अँप जवळजवळ पूर्ण उघडावा लागतो.
- ट्रेबल दहावर असूनही चमक नाही.
- बासचा पॉट सुरुवातीला जरासा फिरवला की सगळा बदल होऊन जातो, पुढे काहीच नाही.
- गुणगुण येते. डबा प्लास्टिकचा आहे.

जोडणी तीनदा तपासली. कपॅसिटरच्या व्हॅल्यू बदलून बघू का?

प्रतिसाद १

कपॅसिटरला हात लावू नका, त्यांचा दोष नाही. ट्विनमध्ये या स्टॅकच्या आधी १२एएक्स७ ट्यूबची एक स्टेज असते आणि नंतर पडलेला आवाज उचलायला दुसरी. तुम्ही दोन्ही काढून मधला भाग तेवढा घेतलात.

चमक कुठे गेली ते आकड्यांत बघा. सिंगल कॉइलचं इंडक्टन्स साधारण २.५ हेन्री, ५ मीटर केबलचे धरा ५०० पिकोफॅरड. या दोघांचा रेझोनन्स, म्हणजे सिग्नल सगळ्यात जास्त उचलला जातो ती जागा, साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास येतो. स्ट्रॅटची खणखणीत टीप म्हणजे तो उंचवटा. गिटारमधले दोन पॉट आणि अँपचा १ मेगओम मिळून पिकअपवर साधारण ११० के लोड असतो, तेव्हा क्यू, म्हणजे त्या उंचवट्याचा टोकदारपणा, दीडच्या आसपास राहतो. तुमचा डबा आणखी १०० के च्या आसपास लोड टाकतो. क्यू ०.८ वर येतो आणि उंचवटा सपाट. एकदा पिकअपपाशीच गेलेली ही चमक पुढचा ट्रेबल पॉट परत आणू शकत नाही.

पडताळा सोपा आहे. बॉसचा नेहमीचा एखादा कॉम्पॅक्ट पेडल पॉवर देऊन, पण इफेक्ट बंद ठेवून, गिटार आणि डब्याच्या मध्ये लावा. बंद असतानाही त्यात बफर, म्हणजे पिकअपवर लोड न टाकता सिग्नल पुढे देणारा भाग, चालू असतो. चमक परत आली, आवाज मात्र कमीच राहिला, तर निदान पक्कं.

बासच्या पॉटवर बी२५०के छापलंय का? बी म्हणजे लिनिअर. तिथे ए२५०के, म्हणजे लॉग, लागतो. ट्रेबललाही तोच.

प्रतिसाद २

सहमत. स्टॅक आहे तसा ठेवा, एका टीएल०७२ (दोन ऑप-अँप असलेला आयसी) चे दोन भाग त्याच्या दोन बाजूंना बसवा.

आधी बफर. इनपुट जॅककडून ४७ नॅनो पिन ३ ला, पिन ३ वरून १ मेग अर्ध्या व्होल्टेजला, पिन १ आणि २ एकमेकांना. पिन १ थेट स्टॅकमध्ये जाते. स्टॅकचे तिन्ही कपॅसिटर डीसी अडवतात, म्हणून तिथे वेगळा कपॅसिटर नको.

मग गेन. ट्रेबल पॉटच्या मधल्या पायावरून १०० नॅनो पिन ५ ला, तिथेही १ मेग अर्ध्या व्होल्टेजला. पिन ७ ते ६ मध्ये १०० के, त्याला समांतर ४७ पिकोफॅरड. तो विसरलात तर पॉटच्या लांब तारांमुळे शिट्टी वाजू शकते. पिन ६ वरून १० के आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १० मायक्रो ग्राउंडला, कपॅसिटरची ऋण बाजू ग्राउंडकडे. पिन ७ वरून १ मायक्रो आउटपुट जॅकला, जॅकवर १०० के ग्राउंडला.

अर्ध्या व्होल्टेजसाठी ९ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १० के चे दोन रेझिस्टर, मधल्या बिंदूवर ४७ मायक्रो. पिन ८ ला ९ व्होल्ट, पिन ४ ग्राउंड, दोघांमध्ये आयसीच्या अगदी जवळ १०० नॅनो.

गेन ११ का? बास शून्य, ट्रेबल शून्य, मिडल दहा ठेवलं की स्टॅक म्हणजे १०० के आणि १० के चा विभाजक उरतो. सिग्नल एक-अकरांश होतो, २१ डीबीची घट. ११ पट गेनने ती बरोबर भरून निघते. हीच या स्टॅकची जवळजवळ सपाट जागा. फक्त वरच्या टोकाला अडीच डीबीचा चढ राहतो.

ट्रेबल दहावर ठेवून जोरात वाजवणार असाल तर पिन ७ ते ६ मधल्या १०० के ऐवजी ४७ के लावा, नाहीतर ९ व्होल्टवर पिकचा प्रत्येक आघात क्लिप होईल, म्हणजे कापला जाऊन फाटेल.

धागाकर्ता

पेडल लावून पाहिला, चमक आली! पॉटही बी२५०के च निघाले. घरी एलएम३५८ आणि ५५३२ पडून आहेत, चालतील?

प्रतिसाद १

३५८ नको. त्याच्या आउटपुटमध्ये क्रॉसओव्हर विकृती येते; सूर विरताना खरखरीत ऐकू येतं. ५५३२ चा बायस करंट (इनपुटमधून सतत वाहणारा बारीक प्रवाह) साधारण २०० नॅनोअँपिअर, १ मेगवर तो ०.२ व्होल्ट सरकवतो, शिवाय ८ मिलिअँपिअर खातो. ०७२ तीनच्या आत भागवतो, बॅटरी टिकते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, अगदी नेहमीचा आयसी आहे.

डबा अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, पॉटची अंगं ग्राउंडला जोडा, इनपुटची तार शिल्डेड ठेवा. शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

प्रतिसाद ३

पॉट मधोमध ठेवल्यावर सपाट आवाज हवा असेल तर हा स्टॅक सोडून बॅक्सँडॉल करा. पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये मांडलेलं सर्किट, दोनच पॉट, दोन्ही लिनिअर. बफर मात्र त्यालाही लागतोच. पण ट्विनचा मधला खळगा हवा असेल तर तो त्यात मिळणार नाही.

प्रतिसाद २

डबा बंद करण्याआधी मीटर लावा. पिन १ आणि ७ वर साडेचार व्होल्टच्या आसपास हवेत. पिन ३ आणि ५ वर चार दिसले तर घाबरू नका, मीटरचे स्वतःचे १० मेग तिथल्या १ मेगला खाली ओढतात. पिन ७ पुरवठ्याच्या एका टोकाला चिकटली असेल तर पिन ५ चा १ मेग सुटलाय किंवा पिन ६ चा १० मायक्रो लीक आहे.