नवशिक्याने सॉफ्टवेअर कुठे टाकावं? आपल्या होममध्ये (म्हणजे फक्त आपल्या खात्याच्या फोल्डरमध्ये) की सगळ्या मशीनमध्ये?

धुऱ्यावरचा
आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत सहा जुने डेस्कटॉप आहेत, सगळ्यांवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. वावरातून आलो की संध्याकाळी मी पोरांना शिकवतो. बारावीतल्या एका पोराला पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१२ आवृत्ती हवी होती, डेबियनची आहे ३.११. त्याने सोर्स (मूळ कोड) उतरवून बांधला आणि शेवटी एक व्हिडिओ पाहून सुडो मेक इन्स्टॉल केलं, म्हणजे मशीनमालकाच्या अधिकाराने ते सगळ्या मशीनसाठी टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर बसलेल्या मुलीचा प्रोग्राम चालेना. नमपाय हे गणिताचं पायथन मॉड्यूल सापडत नाही म्हणे. नमपाय तर मीच ऍप्टने, डेबियनच्या पॅकेज टाकायच्या आज्ञेने, टाकलं होतं!

नवं पायथन गेलं होतं /युएसआर/लोकल/बिनमध्ये. पाथमध्ये, म्हणजे आज्ञा ज्या क्रमाने शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, ही जागा डेबियनच्या /युएसआर/बिनच्या आधी येते, म्हणून कुणीही पायथन३ म्हटलं की नवंच उठायचं, आणि त्याला ऍप्टची मॉड्यूल्स दिसत नाहीत. काढायला गेलो तर पायथनच्या मेकफाइलमध्ये (बांधायच्या-टाकायच्या सूचनांच्या फाइलीत) अनइन्स्टॉलच नाही. दोन संध्याकाळी फाइली हुडकण्यात गेल्या.

माझं मत पक्कं झालं आहे. नवशिक्याने पहिले काही महिने सुडोला हात लावू नये. बांधण्याआधी कॉन्फिगर करताना --प्रीफिक्स=$होम/.लोकल देऊन टाकायची जागा होममध्येच ठरवावी आणि आपल्या धुऱ्याच्या आतच नांगर चालवावा. चुकलं तर त्याचंच चुकेल, शेजाऱ्याचं पीक तुडवलं जाणार नाही.

वणीकर
भाऊ, त्रास झाला हे खरं, पण दोष जागेचा नाही, सोर्स बांधण्याचा आहे. डेबियन १२ मध्ये ६४ हजारांवर पॅकेजेस आहेत. नवशिक्याला त्याबाहेरचं लागतंच किती? ऍप्टने टाकलेलं एका आज्ञेत निघतं आणि त्याची सुरक्षा अपडेट्स डेबियनकडून येत राहतात. होममध्ये बांधलेलं पायथन मात्र बांधलं त्या दिवशी होतं तसंच राहतं, त्यातली भोकं बुजवायला कुणी येत नाही. पोरगं पुण्याला निघून गेलं की ते तिथंच पडून.

शिवाय डेटा. आमच्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच सगळं चालतं. ऍप्ट-गेट आज्ञेने एका मशीनवर उतरवलेल्या डेब फाइली (डेबियनची पॅकेजेस) /व्हार/कॅश/ऍप्ट/आर्काइव्हजमध्ये राहतात. त्या पेनड्राइव्हने बाकी पाच मशीनच्या त्याच फोल्डरमध्ये टाका, परत उतरवाव्या लागत नाहीत. मात्र नुसत्या ऍप्ट आज्ञेने टाकलं तर इन्स्टॉल झाल्यावर त्या पुसल्या जातात, तेवढं सांभाळा.

पोट्टा_दारव्ह्याचा
वणीकर भाऊ, तुमचं पटते, पन सुडो असंन तवाच नं! मले कॉलेजच्या लॅबमंधी सुडो भेटतच नाई. सरले इचारलं तं म्हनते, जे हाय त्याच्यातच भागव. मी जे काई शिकलो ते होममंधीच टाकून शिकलो. मराठी फाँटबी ~/.लोकल/शेअर/फाँट्समंधी टाकले (~ म्हंजे आपलं होम), मस्त चालतात. आमच्यासारख्यानं काऊन थांबाव? एक सांगतो, ~/.लोकल/बिन पयल्यांदा बनवलं का लॉगआउट करून परत लॉगिन करा. डेबियनची .प्रोफाइल फाइल लॉगिनच्या टायमालेच ते पाथमंधी जोडते. मी याच्यात अख्खा दिवस घालवला होता.

चिखलीची_ताई
मला दोघांचंही पटत नाही. /युएसआर/लोकल ही जागाच यासाठी राखलेली आहे. कुठल्या फाइली कुठे ठेवाव्यात हे सांगणारं फाइलसिस्टिम हायरार्कीचं २०१५ चं ३.० मानक पाहा: मशीन सांभाळणारा स्वतः टाकेल ते /युएसआर/लोकलमध्ये, आणि डेबियनची पॅकेजेस तिथं फाइल टाकत नाहीत. ती जागा टाळायला शिकवलं तर पोरं तिला कायम भीतच राहतील.

धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या पोराने मेक इन्स्टॉलऐवजी मेक ऑल्टइन्स्टॉल केलं असतं तर फक्त पायथन३.१२ हे नाव तयार झालं असतं, पायथन३ जुनंच राहिलं असतं. आणि पुसायची अडचण असेल तर स्टो हा प्रोग्राम वापरा. प्रत्येक सॉफ्टवेअर /युएसआर/लोकल/स्टोखाली आपल्या फोल्डरमध्ये राहतं, बाहेर फक्त दुवे. उलट तुम्ही सांगता तसं सगळं ~/.लोकलमध्ये ओतलं तर तिथंही फाइली एकमेकींत मिसळतात, काढायला तोच त्रास. वीस पोरांच्या होममध्ये वीस पायथन ठेवून जुन्या हार्ड डिस्कवर जागा तरी उरेल का?

वणीकर
ताई, स्टो चांगलं आहे, पण ते नवशिक्याचं काम नाही. माझा हट्ट थोडा सोडतो. पायथन३-व्हेन्व हे पॅकेज एकदा ऍप्टने सगळ्या मशीनवर टाका. मग प्रत्येक पोराने आपल्या होममध्ये व्हेन्व (पायथनचा वेगळा कप्पा) बनवून त्यात पिप या पायथनच्या मॉड्यूल टाकायच्या आज्ञेने हवं ते टाकावं. तसंही डेबियन १२ वर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप काही टाकू देत नाही, एक्स्टर्नली मॅनेज्ड (हे पायथन डेबियन सांभाळतं) म्हणून अडवतं. तो अडसर जबरदस्तीने काढायचा पर्याय पोरांना दाखवू नका, ही हात जोडून विनंती.

धुऱ्यावरचा
ताई, मिसळण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, मान्य. आता प्रीफिक्स $होम/सॉफ्ट/पायथन३१२ असा वेगळा देतो, नको झालं की फोल्डरच पुसायचं. वणीकर भाऊंचं व्हेन्व उद्याच सहाही मशीनवर टाकतो, डेब फाइली पेनड्राइव्हने.

पण सुडोबाबत मी हटणार नाही. सामायिक मशीनवर सुडो म्हणजे दुसऱ्याच्या वावरात पाणी सोडण्याचा अधिकार आहे, आणि तो आठ दिवस शिकलेल्या पोराला देणार नाही. त्याच पोराला काल आपल्या होममध्ये ३.१२ परत बांधायला लावलं. सोबतच्या मुलीने मुद्दाम आपला प्रोग्राम चालवून पाहिला. नमपाय जागेवर होतं.