सरोगसीचे पैसे बंद केले, यात त्या बाईचं काय भलं झालं?

रानजाई

परवा एका लग्नात सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या जोडप्याचं मूल आपल्या पोटात वाढवून देण्याचा, विषय निघाला. पंगतीतल्या सगळ्यांचं एकच म्हणणं, "बरं झालं, तो धंदा बंद पडला." मला ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

आपल्याकडे २००२ पासून पैसे देऊन सरोगसी चालायची. अमेरिकेच्या मानाने खर्च फारच कमी, म्हणून परदेशी जोडपी गुजरातेत आणंदला, मुंबईला, दिल्लीला यायची. २०१५च्या नोव्हेंबरात परदेशी लोकांना दार बंद झालं. मग २०२१चा कायदा आला, तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. आता बाईने मोबदला घ्यायचा नाही. औषधपाण्याचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा, बस्स.

म्हणजे डॉक्टरला फी आहे, वकिलाला आहे, सोनोग्राफीवाल्याला आहे. नऊ महिने पोट वागवणारीने मात्र पुण्य म्हणून करायचं. स्वयंपाक, बाळंतपणं, म्हाताऱ्यांची आजारपणं बायका घरात अशाच फुकट करत आल्या. कायद्याने तेच पुढे चालवलं.

आणंद म्हटलं की मला दूध आठवतं. १९४६ साली तिथल्या दूधवाल्यांनी व्यापाऱ्यांचा जाच मोडला तो दुधाचा धंदा सोडून नव्हे, स्वतःचा संघ काढून. सरोगसीत दलाल माजले होते, मान्य. मग दलाल हटवायचे की बाईची कमाई?

भीमाकाठ

दूध आणि मूल एकाच मापाने मोजताय, तिथेच माझं तुमच्याशी भांडण आहे. डेअरीत दूध घातल्यावर रात्री कुणाला त्याची आठवण येत नाही.

२००८चं प्रकरण आठवा. जपानी जोडप्यासाठी आणंदमध्ये सरोगसी ठरली आणि मूल जन्मायच्या आधीच दोघांचा घटस्फोट झाला. बाळाला नेणार कोण, कागद कुठल्या देशाचे, काही कळेना. शेवटी जपानहून आजी आली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ज्या व्यवहारात माल अडकून पडतो तसं बाळ अडकून पडतं, तो व्यवहारच नको.

माजलगाव

भीमाकाठ, तुमचा मुद्दा कळला. पण गरीब बाईच्या शरीराची एवढी काळजी असेल तर आमच्या बीडकडेही बघा. २०१९ला ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. सरकारच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि उचल तर आधीच घेऊन खाल्लेली असते. माझ्या चुलतीची पिशवी वयाच्या सदतिसाव्या वर्षी काढली. तेव्हापासून तिची कंबर धरलेली आहे, ती आजतागायत.

हीच साखर बोटीत बसून परदेशी जाते. ऊसतोड बंद करा असं कुणी म्हटलं का? पिशवी काढून मजुरी चालते, पिशवी वापरून चालत नाही. हा न्याय मला समजत नाही.

सिस्टर

मी नर्स. बंदीच्या आधी मुंबईतल्या एका सेंटरमध्ये चार वर्षं काढली. दोन्ही बाजू वाचल्या. मी बंदीच्या बाजूची आहे आणि का ते सांगते.

गर्भ राहायची शक्यता वाढावी म्हणून एकदम दोन-तीन भ्रूण सोडायचे. तीन राहिले तर एक कमी करायचा. हे विचारायला फोन जायचा जोडप्याला. जिच्या पोटात सुई जाणार तिला नुसतं सांगितलं जायचं. सिझेरियन जवळपास ठरलेलंच, कारण जोडप्याची विमानाची तिकिटं काढलेली असत. करार इंग्रजीत, खाली सही मराठीत नाहीतर अंगठा. नऊ महिने हॉस्टेलवर राहायचं, आणि स्वतःची पोरं भेटायची ती रविवारी. एकीची मुलगी दीड वर्षाची होती. तिसऱ्या रविवारी ती आईकडे जाईना, आजीच्याच कडेवर बसून राहिली. त्या रात्री मी ड्यूटीवर होते.

रानजाईताई, संघ चालवायला बाईच्या हाताशी थोडा वेळ आणि पाठीशी कुणीतरी लागतं. आमच्याकडे येणाऱ्यांना सावकार उद्या दारात येणार असायचा.

अंजिरी

सिस्टर, हे वाचून गलबलून आलं. पण बंदीने हे थांबतं का? एकट्या आणि समलिंगी परदेशी लोकांना आपण २०१२ मध्ये मनाई केली. मग काम नेपाळात गेलं. तिथे नेपाळी बायकांना परवानगी नव्हती, म्हणून इथल्या बायका तिकडे नेल्या. २०१५च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला तेव्हा इस्रायलने आपल्या जोडप्यांची तान्ही बाळं खास विमानांनी मायदेशी नेली. बायकांची चौकशी कितीजणांनी केली? नेपाळने बंद केलं, थायलंडने केलं, २०१६ला कंबोडियानेही. २०२२ला युद्धात युक्रेनमधल्या किव्हच्या तळघरात सरोगसीची बाळं ठेवल्याचे फोटो आपण पाहिले. नकाशावरची जागा तेवढी बदलते.

भीमाकाठ

एवढे देश एकामागून एक दार लावून घेतात, ते सगळेच चुकले का? तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय.

रानजाई

दार लावलं हे खरं, पण प्रत्येकाने लावलं ते आपली अब्रू जाते म्हणून. आत अडकलेल्या बाईला विचारून कुणी लावलं?

सिस्टर, तुम्ही सांगितलेलं मी खोडून काढू शकत नाही, आणि काढायचंही नाही. पण तुमच्या यादीतली एकेक गोष्ट पाहा. एकच भ्रूण सोडायचा, करार तिच्या भाषेत, घरी राहायची मुभा, निर्णयाचा फोन तिला. हे सगळं पैसे चालू ठेवूनही सक्तीचं करता आलं असतं. फुकट केल्याने सुई दुखायची थांबत नाही.

सिस्टर

तुमच्या यादीत एक राहिलं. आमच्याकडे फाइल जोडप्याच्या नावाने असायची. डिस्चार्जच्या वेळी बाईच्या हातात पाकीट पडायचं, कागद नाही. एक बाई दोन वर्षांनी स्वतःच्या बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात गेली. आधीचं सिझर कधीचं, टाके कसे घातले, डॉक्टर विचारत होते. तिने मला फोन केला, "सिस्टर, माझा कागद मिळेल का?" मी विचारून पाहिलं. ती फाइल तिची नव्हती, म्हणून मिळाली नाही.