मदत हवी आहे: अर्धं भिंग झाकलं तरी प्रतिमा अख्खी कशी?

नमस्कार मंडळी, लेक यंदा दहावीला आहे. काल रात्री दिवे मालवून आम्ही बहिर्गोल भिंगाचा प्रयोग केला. नाभीय अंतर (समांतर किरण भिंगापासून जितक्या लांब एकत्र येतात ते अंतर) 20 सेंमी, मेणबत्ती भिंगापासून 30 सेंमीवर. पलीकडे 60 सेंमीवर धरलेल्या कागदावर दुप्पट मोठी, उलटी ज्योत उमटली. वातीचं काळं टोकसुद्धा दिसत होतं, इतकी स्पष्ट! मग तिने भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला. मला वाटलं, अर्धी ज्योत जाईल. पण ज्योत अख्खी राहिली, फक्त अंधूक झाली.

मी सांगितलं की ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण सगळ्या भिंगावर पडतात आणि भिंगाचा प्रत्येक भाग त्यांना वळवून एकाच ठिकाणी आणतो. तिचा प्रश्न रास्त आहे: "मग पुस्तकातल्या आकृतीत दोनच किरण का? ते अडले तर प्रतिमा कुठून आली?"

ते दोन किरण फक्त जागा शोधायला सोयीचे, हे तिला तोंडी पटत नाहीये. डोळ्यांना दिसेल असा घरगुती प्रयोग कुणी शिक्षक सुचवतील का? लेझर टॉर्च मुलांच्या हाती द्यायची नाहीये. उदबत्तीच्या धुरात किरण दिसतील का? रविवारी पुन्हा बसणार आहोत.