नागपूरमार्गे न्हावा शेवा: ट्रक, रेल्वे आणि जहाज यांच्या वेळा कशा जुळवाव्यात?

धानपट्टा_गोंदिया:
नमस्कार. गोंदिया जिल्ह्यात आमची राईस मिल असून उसना तांदूळ पंचवीस किलोच्या पिशव्यांत भरून आम्ही पश्चिम आफ्रिकेला पाठवतो. माल मिलमधून ट्रकने नागपूर परिसरातील एका आयसीडीत (सीमाशुल्क मंजुरीची सोय असलेल्या अंतर्देशीय कंटेनर आगारात) जातो, तेथे वीस फुटी कंटेनरमध्ये भरला जातो आणि रेल्वेने न्हावा शेवा बंदराला पोहोचून जहाजावर चढतो. गेल्या हंगामात सीमाशुल्काची मंजुरी मिळूनही रेक (पूर्ण मालगाडी) न भरल्यामुळे आमचे कंटेनर आयसीडीतच थांबले, आणि ते बंदरावर पोहोचले तेव्हा जहाजाचा गेट कटऑफ (त्या जहाजासाठी बंदरात कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ) उलटून गेला होता. पुढच्या जहाजाची वाट पाहण्यात पतपत्रातील (खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रातील) माल पाठवण्याची शेवटची तारीख टळली व ती वाढवून घेण्यासाठी खरेदीदाराला भावात सूट द्यावी लागली. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाल्यापासून रेल्वे सोडून थेट ट्रेलरने माल पाठवावा, असा भागीदारांचा आग्रह आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मालवाहतूक_सल्ला:
केवळ या अनुभवावरून रेल्वे सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तांदळाच्या वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण पंचवीस टन माल बसतो आणि एवढ्या वजनाचे दोन कंटेनर एका ट्रेलरवर कायदेशीर मर्यादेत नेता येत नाहीत. म्हणजे प्रत्येक कंटेनरमागे एक ट्रेलर, एक चालक आणि परतीच्या रिकाम्या फेरीचा खर्च येतो. शिवाय 701 किलोमीटरचा महामार्ग आमण्याला संपतो, न्हावा शेवाला नाही. भिवंडी, शिळफाटा, कळंबोली या पट्ट्यातील कोंडी आणि अवजड वाहनांवरील वेळेचे निर्बंध धरल्याशिवाय रस्त्याचा हिशेब पुरा होत नाही.

खरा वेळ धावण्यात जात नाही, तो एका साधनावरून दुसऱ्यावर माल चढवताना जातो. म्हणून मिलमधून माल कधी निघेल हे आधी ठरवून पुढे मोजत जाऊ नये. बंदराच्या कटऑफपासून मागे मोजत यावे आणि हातातील जादा दिवस आयसीडीतील थांब्यासाठी राखून ठेवावेत. धुरीकरणही (कीड मारण्यासाठी मालाला दिली जाणारी विषारी वायूची धुरी) याच हिशेबात धरावे, कारण मिथाईल ब्रोमाईडची धुरी साधारण एका दिवसात आटोपते, तर ॲल्युमिनियम फॉस्फाईडला काही दिवस लागतात. मात्र फार लवकर भरणेही परवडत नाही. रिकामा कंटेनर उचलल्या दिवसापासून शिपिंग लाईनचे (जहाज कंपनीचे) मोफत दिवस, म्हणजे जादा आकार न देता कंटेनर वापरण्याचे दिवस, संपू लागतात, त्यामुळे ते दिवस वाढवून घेण्याची बोलणी भाडे ठरवतानाच करावीत; नंतर कोणी ऐकत नाही.

रेक_नियोजक:
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु रेक का अडतो हेही समजून घ्यायला हवे. पंचेचाळीस वॅगनच्या रेकमध्ये वीस फुटी नव्वद कंटेनर बसतात आणि अर्धा रेक चालवणे कंटेनर गाड्या चालवणाऱ्या कंपनीला परवडत नाही. न्हावा शेवाला एकापेक्षा अधिक टर्मिनल (जहाजांवर माल चढवण्याचे स्वतंत्र धक्के) आहेत, आणि एकाच रेकमध्ये वेगवेगळ्या टर्मिनलचे कंटेनर असले की बंदरात पोहोचल्यावरही त्यांची विभागणी होईपर्यंत वेळ जातो. म्हणून केवळ स्वस्त भाडे पाहून जहाज निवडू नये. आपल्या आयसीडीतून कोणत्या टर्मिनलसाठी नियमित पूर्ण रेक निघतात हे विचारून त्याच टर्मिनलला लागणारे जहाज घ्यावे. माझ्या मते एवढ्या एका चौकशीनेच निम्मी अनिश्चितता कमी होते. इगतपुरी–कसारा दरम्यानच्या थळ घाटात 37 ला 1 असा उतार आहे आणि मालगाड्यांना तेथे प्रवासी गाड्यांमधून वाट काढावी लागते, तेव्हा रेक निघाला म्हणजे वेळेत पोहोचलाच, असेही गृहीत धरू नये.

रिकाम्या कंटेनरची बाबही दुर्लक्षू नये. विदर्भात आयातीचे भरलेले कंटेनर कमी आले की हंगामात निर्यातीसाठी रिकाम्यांचा तुटवडा पडतो. त्यातही धान्यासाठी कोरडा, वास नसलेला, छतातून उजेड न दिसणारा कंटेनर लागतो; त्यामुळे मागणी आधी नोंदवणे आणि आत उभे राहून दार लावून तपासणी करणे अत्यावश्यक आहे.

बँक_दस्तऐवज:
तारखेच्या प्रश्नावर वेगळा उपायही आहे. पतपत्रात बंदर ते बंदर असे सागरी बिल (जहाज कंपनीने दिलेला बिल ऑफ लेडिंग) मागितले असेल, तर माल जहाजावर चढल्याची तारीख धरली जाते. त्याऐवजी बहुविध वाहतुकीचा (रेल्वे, जहाज अशा एकाहून अधिक साधनांच्या प्रवासाचा) दस्तऐवज मागवून माल ताब्यात घेण्याचे ठिकाण नागपूर असे लिहून घेतले, तर यूसीपी 600 (पतपत्रांबाबतचे आंतरराष्ट्रीय नियम) च्या कलम 19 नुसार सर्वसाधारणपणे दस्तऐवजाची तारीख हीच पाठवणीची तारीख मानली जाते. मात्र त्यावर ताब्यात घेतल्याचा, रवाना केल्याचा किंवा जहाजावर चढल्याचा वेगळ्या तारखेचा शिक्का असेल, तर ती तारीख धरतात. असा दस्तऐवज 1993 च्या बहुविध माल वाहतूक कायद्याखाली नोंदणी असलेल्या वाहतूकदाराकडूनच घ्यावा, म्हणजे पूर्ण प्रवासाची जबाबदारी एकाकडे राहते. खरेदीदाराशी हे सौदा करतानाच ठरवावे लागेल.

धानपट्टा_गोंदिया:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पतपत्राच्या मसुद्याबाबत आम्ही खरेदीदाराला आजच लिहितो. एक शंका उरते: रेक अडल्याचे दिसताच कंटेनर आयसीडीतून काढून ट्रेलरने पाठवणे शक्य आहे का?

मालवाहतूक_सल्ला:
एकदा आयसीडीत शिपिंग बिल (निर्यातीसाठी सीमाशुल्काकडे दाखल करायचा कागद) मंजूर झाले की मार्ग बदलण्यासाठी नव्याने परवानग्या घ्याव्या लागतात आणि त्यात वाचवलेला वेळ बहुधा खर्ची पडतो. रस्त्यानेच पाठवायचे असेल, तर मिलमध्येच कंटेनर भरून इलेक्ट्रॉनिक सील लावावे आणि शिपिंग बिल थेट न्हावा शेवाला दाखल करावे. म्हणून बिल दाखल करण्यापूर्वी आयसीडीला फोन करून आपल्या टर्मिनलसाठी किती कंटेनर जमले आहेत, हे विचारावे आणि रस्ता की रेल्वे याचा निर्णय त्याच वेळी घ्यावा.