दुसऱ्याच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देताय? मग सगळं हार्डवेअर चालेपर्यंत तिथून उठू नका

कृष्णाकाठ
१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ज्याला त्याला एकच सल्ला मिळतोय, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाक. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर जुना आहे म्हणून विंडोज ११ घेत नाही, मग चांगलं मशीन भंगारात का घालायचं. सल्ला चांगलाच आहे, मी स्वतः बरीच वर्षं लिनक्सवर काम करतोय. पण डेस्कटॉप दिसला की टाकणारा निघून जातो आणि ज्याचा लॅपटॉप तो अडकून बसतो हे मला अजिबात पटत नाही, आणि हे मी स्वतः केलंय म्हणून जास्त लागतंय.

दिवाळीत साताऱ्याला भावाकडे गेलो होतो. पुतणीचा लॅपटॉप २०१५ चा, त्यावर उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. सगळं झटपट झालं, फक्त वायफायचं चिन्हच नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'एलएसपीसीआय -के' ही हार्डवेअरची यादी देणारी कमांड चालवून बघितली तर कार्ड दिसतंय, पण त्याच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही. म्हणजे कार्ड ठणठणीत, त्याच्याशी बोलणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नाही. त्या चिपच्या कंपनीचा ड्रायव्हर बंद, म्हणजे त्याचा कोड कंपनी उघड करत नाही, म्हणून तो कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि घ्यायला नेट पाहिजे, आणि लॅपटॉप पातळ असल्यामुळे त्याला लॅन केबलचं भोकच नाही. शेवटी फोन केबलनं जोडला, फोनचं नेट लॅपटॉपला देणारं यूएसबी टेदरिंग चालू केलं, ड्रायव्हर उतरवला. अनोळखी कोड अडवणारं सिक्युअर बूट चालू होतं म्हणून त्यानं पासवर्ड मागितला, तो दिला, रीस्टार्ट केलं. आता इथे एक निळा स्क्रीन येतो, दहा सेकंद थांबतो, त्यात कुठलंही बटण दाबून 'एनरोल मोक' करायचं असतं, म्हणजे हा ड्रायव्हर माझ्या विश्वासातला आहे असं मशीनला सांगायचं. वहिनींनी चहाला हाक मारली म्हणून मी उठलो आणि तो स्क्रीन येऊन गेला. मग काय, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस', म्हणजे मशीननं ड्रायव्हर नाकारला. परत पहिल्यापासून.

रात्री चालू झालं, मी पुण्याला परत आलो. काही आठवड्यांनी फोन, "काका, उद्या सबमिशन आहे आणि वायफाय परत गेलं." कर्नल अपडेट झाला होता आणि तो बंद ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधलाच गेला नव्हता. फोनवरून तिला मशीन चालू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडायला लावला, पाऊण तास गेला. पोरगी रडकुंडीला आली होती. माझं म्हणणं एवढंच, ज्याला टर्मिनल येत नाही त्याला लिनक्स देणार असाल तर पुढची जबाबदारीही घ्या, नाहीतर देऊ नका.

पेनड्राइव्ह_खिशात
दादा, तुमची तळमळ पोचली पण निष्कर्षाशी असहमत. तुम्ही आधी लाइव्ह यूएसबीवर चालवून बघितलं का? इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून बूट करायचं, वायफाय जोडायचं, एखादं गाणं लावायचं, कॅमेरा उघडायचा, झाकण मिटून परत उघडायचं, ब्राइटनेसच्या बटणांना हात लावायचा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्यात तुमचं वायफाय पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. शिवाय उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्येच ग्राफिक्स आणि वायफायसाठी थर्ड-पार्टी सॉफ्टवेअरची चौकट असते, ती टिक केली होती का? मी आमच्या गावात नातेवाइकांची मिळून सहा मशीन केली, एकालाही नंतर त्रास नाही, कारण ज्यावर लाइव्हमध्ये चाललं नाही त्यावर टाकलंच नाही. "देऊ नका" म्हणाल तर लोक चांगली मशीन फेकून देतील हो, आणि कॉलेजच्या पोरांना नवीन लॅपटॉप घेणं सगळ्यांना परवडत नाही.

कृष्णाकाठ
चौकट टिक केली नव्हती, ती माझी चूक, मान्य. पण लाइव्हमध्ये चाललं म्हणजे झालं हे मात्र खरं नाही. माझं वायफाय त्या रात्री उत्तम चालत होतं, मोडलं ते नंतरच्या अपडेटनं. ते पंधरा मिनिटांत कसं कळणार?

खटका
दोष कुठे ठेवताय तेही बघा की राव. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात, म्हणून ज्या कंपन्या आपला कोड कर्नलमध्ये देतात त्यांचं कार्ड लावलं की चालतं, अपडेट आला तरी चालतं, कारण कर्नल बदलणाराच तो ड्रायव्हरही सोबत बदलतो. बाहेर ठेवलेला बंद ड्रायव्हर मागे पडतो. हा रोग जुना आहे, फ्री सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणाऱ्या स्टॉलमनना एमआयटीत प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा कोड मिळाला नाही तिथपासूनचा. २०१२ मध्ये लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स फिनलंडमधल्या कार्यक्रमात ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाला जाहीर शिवी देऊन बसले, आणि मे २०२२ मध्ये त्याच एनव्हिडियानं आपली कर्नल मोड्यूलं (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग) खुली केली, तीही ट्युरिंग या पिढीपासून पुढच्या कार्डांपुरती. म्हणजे दबाव टाकला की हलतात. टाकून देणाऱ्याला जबाबदारी सांगण्यापेक्षा पुतणीला विकत घेताना चिप बघायला शिकवा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

रत्नांग्रीची
खटकादादा, चिप बघून लॅपटॉप घ्यायला दुकानात कोण सांगतं हो? आमच्याकडे दुकानदार रॅम आणि रंग सांगतो. मी शाळेत शिकवते, माझा लॅपटॉप नवा होता, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा दुसरा प्रकार) टाकलं, वायफाय आवाज सगळं चालू, मी खूश. डेबियननं २०२२ मध्ये मतदान घेऊन इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) द्यायचं ठरवलं त्याचा मला खरंच फायदा झाला. पण झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकायचे आणि शाळेत पोचेपर्यंत बॅग गरम, बॅटरी अर्धी. तो झोपतच नव्हता. बऱ्याच नव्या मशीनमध्ये जुनी खोल झोप कंपनीनं काढूनच टाकलेली असते, उरते ती अर्धवट झोप, आणि ती नीट लागायला प्रत्येक भागानं साथ द्यावी लागते. बॅकपोर्ट्स या डेबियनच्या नव्या सॉफ्टवेअरच्या साठ्यातून नवा कर्नल घेतल्यावर बराच फरक पडला, पण हे शोधायला मला महिना लागला. म्हणून मी कृष्णाकाठ यांच्या बाजूनं. टाकून देणाऱ्यानं निदान एक महिना फोन उचलायची तयारी ठेवावी.

पेनड्राइव्ह_खिशात
ताई, महिना लागला तरी तुम्ही स्वतः सोडवलंत ना! माझा मुद्दा तोच आहे, माणसं शिकतात. आपण आधीच "तुला जमणार नाही" म्हणून ठरवून टाकतो ते मला टोचतं. आणि विंडोजवर ड्रायव्हर गेला तरी पोरगी काकालाच फोन करणार होती.

रत्नांग्रीची
मी सोडवलं कारण मला सुट्टी होती. तिला दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं.

खटका
कृष्णाकाठ, एक करा. त्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदला. ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे असं जुनं कार्ड काहीशे रुपयांत मिळतं, मागचं झाकण उघडलं की एक स्क्रू आणि दोन अँटेनाच्या तारा, त्या नखानं दाबून बसतात. मग दर नव्या कर्नलला ड्रायव्हर परत बांधणारं डीकेएमएस नको, तो निळा स्क्रीनही नको.

कृष्णाकाठ
हे पटलं. रविवारी साताऱ्याला जातोच आहे, स्क्रूड्रायव्हर घेऊन जातो, आणि या वेळी अपडेट मारून, दोनदा रीस्टार्ट करून, तिच्या हातानं ग्रबमधून जुना कर्नल निवडून घेतल्याशिवाय निघणार नाही. मूळ मत बदललेलं नाही.

खटका
कार्ड घ्यायच्या आधी एक बघा, काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं लावलं तर मशीन चालूच होत नाही. मॉडेल नंबर टाका इथे, रविवारच्या आत शोधून सांगतो.