मदत हवी आहे: सलग हरल्यावर पोरीचा बुद्धिबळातला आक्रमक खेळ परत कसा आणायचा?

आम्ही परभणीत राहतो. मुलगी तेरा वर्षांची, क्लासिकल (लांब वेळेच्या डावांचं) रेटिंग १४५०च्या आसपास. उन्हाळ्यातल्या स्पर्धांत ती ओळीने हरली, आणि तेव्हापासून खेळच आखडलाय. रविवारी सरावात एच७ या घरावर उंटाचा बळी द्यायची सरळ संधी होती. मागोमाग जी५ ला घोडा, एच५ ला वजीर, सगळं जुळून आलेलं. हात उंटापर्यंत गेला, मागे आला आणि ए३ ला प्यादं सरकलं! घरी हीच चाल कोड्यात दिली तर लेकरू चुटकीसरशी सोडवतं. म्हणजे डोळा शाबूत आहे, मन कचरतंय.

करून पाहिलं ते असं: काही दिवस पट पूर्ण बंद, रोज लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर कोडी, आणि किंग्ज गॅम्बिट (प्यादं देऊन हल्ला करायची सुरुवात) सोडून लंडन सिस्टिम (सावध, ठरीव सुरुवात). लंडनने हार थोडी कमी झाली, पण बरोबरी मागायची सवय लागली. मला तरी हा उपाय उलटा पडल्यासारखा वाटतो.

प्रशिक्षक ऑनलाइन आहेत. संभाजीनगर, लातूर, नांदेडपर्यंत नेऊ शकतो, पुण्याला वारंवार नाही. शाळेमुळे रोज तासभरच मिळतो. जागतिक बुद्धिबळ महासंघ फिडेने २०२४ पासून किमान रेटिंग १४०० केल्यामुळे त्याखाली गेली तर रेटिंगच जाईल, ही धास्ती तिला जास्त आहे.

दिवाळीच्या सुट्टीत रेटिंग स्पर्धा आहे. तोवर बिनरेटिंगच्या स्थानिक स्पर्धांत गॅम्बिटच खेळायला लावू, की मिखाईल तालसारख्या आक्रमक विश्वविजेत्यांचे डाव पटावर मांडून चाली ओळखायला लावू? तुमच्या मुलांच्या बाबतीत कशाने फरक पडला?